आजीवर शोधनिबंध निघाला, आता प्राध्यापकांना खरं सांगू का?

धुऱ्यावरचा :

मंडळी, सल्ला पाहिजे. जरा लांबेल, पण मुळापासून सांगितल्याशिवाय घोळ कळणार नाही.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यातलं. दोन वर्षांपूर्वी कापसाच्या पहिल्या वेच्याच्या दिवसांत एक प्राध्यापक गावात आले. भाषाशास्त्राचे. नाव, गाव, विद्यापीठ काही सांगत नाही, माणूस देवमाणूस आहे. त्यांना कमी शिकलेली, पंचाहत्तरीपुढची आणि गाव न सोडलेली व्यक्ती हवी होती. सरपंचांनी आमच्या घराकडे बोट दाखवलं. आजी तेव्हा ८१ ची. ओसरीत बसून सुपात मूग पाखडत होती.

प्राध्यापकांनी पिशवीतून माईक काढला. त्याला वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून करड्या केसांची टोपी असते ना, ती होती. आजीनं सूप मागं ओढलं. "हे मुंगूस हाय का, बापा? चावन ना?" इथपर्यंत ती आमचीच आजी होती. मग लाल दिवा लागला. आजीनं पदर सावरला, सूप बाजूला ठेवलं, बाबांच्या खुर्चीवर जाऊन बसली आणि टीव्हीवरच्या बातम्यांतल्या बाईसारखी मान ताठ केली.

आता वऱ्हाडातल्या लोकांना सांगायला नको, आपण 'ळ'चा 'य' करतो. काळा तो काया, डोळा तो डोया, पोळी ती पोयी. आजीला यावरून सुनांनी, नातवांनी, नातवांच्या मास्तरांनीसुद्धा जन्मभर टोकलं आहे. त्या दिवशी पाहुण्यासमोर चूक होऊ नये म्हणून तिनं दिसेल त्या 'य'चा 'ळ' करून टाकला. "काळ विचारता? विचारा." "आमची गाळ दोन लिटर दूध देते." "माझे पाळ दुखतात." मी दारात उभा, चहाचा ट्रे हातात, ओठ दाताखाली. प्राध्यापक भराभर लिहीत होते.

मागच्या आठवड्यात अमरावतीच्या मामेभावानं लिंक पाठवली. पेपर निघाला. बावीस पानी. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की वऱ्हाडीत प्रश्नार्थक सर्वनाम 'काळ' या शब्दापासून घडतं, म्हणजे वऱ्हाडी माणसाच्या मनात कुठलाही प्रश्न हा आधी काळाविषयीचा प्रश्न असतो. याला त्यांनी 'कालाधिष्ठित प्रश्नार्थकता' असं नाव दिलं आहे. पुढं एक परिच्छेद गाईवर. गाळ म्हणजे सुपीक माती आणि गाय म्हणजे सुबत्ता, या कृषिसंस्कृतीत दोन्ही एकच, म्हणून दोन्हीला शब्दही एकच.

वाचून मला आधी हसू आलं, मग घाम फुटला. त्यांना कळवू का? का गप्प बसू?

---

संत्रामोसंबी :

बापा बापा बापा. खर्रा घोटून बसलो, चालू द्या.

---

पानठेलेवाला :

सांगू नको भाऊ. बावीस पानं लिहिली त्या मानसानं. एका पानाले दोन रात्री धरल्या तरी दीड महिना गेला त्याचा. कोनाच्या पोटावर पाय काऊन देतं?

---

रुक्मिणीचं_माहेर :

'पोटावर पाळ' म्हणा दादा.

---

निवृत्त_मास्तर :

धागाकर्त्याने विषय थट्टेवारी नेला आहे, परंतु त्या प्राध्यापकांचे म्हणणे सर्वस्वी टाकाऊ नाही. 'काहून' हा 'का' या अर्थाचा वऱ्हाडी शब्द घ्या. 'काल' अधिक 'हून', म्हणजे 'कोणत्या काळापासून' असा त्याचा मूळ अर्थ असला पाहिजे. तसेच 'बे' हे संबोधन संस्कृत 'भोः' पासून आले, हे मी शाळेत ३४ वर्षे शिकवले. आपली बोली म्हणजे संस्कृतच, फक्त उन्हात वाळवलेली.

---

संत्रामोसंबी :

सर, 'पोट्टा' कशापासून?

---

निवृत्त_मास्तर :

'पुत्र'. उघड आहे.

---

संत्रामोसंबी :

आणि 'बयताड'?

---

निवृत्त_मास्तर :

त्यावर काम सुरू आहे.

---

स्वनिम_आणि_शेव :

मी भाषाशास्त्रात एम. ए. केलं आहे, सध्या नोकरी विम्याची. त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलू शकते.

सर, क्षमस्व, पण 'काहून' इतकं गुंतागुंतीचं नाही. 'का' ला 'हून' लागला, जसा 'घरून', 'गावाहून'. काळाचा संबंध नाही.

आजीचं जे झालं त्याला नाव आहे, अतिशुद्धीकरण. ज्याला कायम 'तू य म्हणतोस, ळ म्हण' असं सांगितलं जातं, तो सावध झाला की जिथं मुळात 'य'च आहे तिथंही 'ळ' घालतो. यात खुळेपणा काही नाही. उलट त्याला नियम कळलेला असतो, फक्त नियम कुठं थांबतो ते त्याला कोणी सांगितलेलं नसतं. जगभर होतं हे.

दुसरी गोष्ट, निरीक्षकाचा पेच. विल्यम लबॉव्ह या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने ती अडचण नेमकी मांडली. लोक कोणी ऐकत नसताना कसे बोलतात ते आपल्याला हवं असतं, आणि ते मिळवायला आपल्याला ऐकत बसावं लागतं. केसाळ माईक समोर आला की आजी आजी राहत नाही. १९६२ मध्ये त्यानं स्वतः एक चलाख युक्ती केली होती. न्यूयॉर्कमधल्या तीन दुकानांत, एक महागडं, एक मधलं, एक स्वस्तातलं, गिऱ्हाईक बनून जायचं आणि चौथ्या मजल्यावर काय मिळतं हे आधीच बघून तीच वस्तू कुठं आहे ते विचारायचं. विक्रेता 'चौथा मजला' म्हणतो तेव्हा इंग्रजीतला 'र' उच्चारतो का, हे कान देऊन ऐकायचं. मग ऐकूच आलं नाही असं दाखवून पुन्हा म्हणायला लावायचं. महाग दुकानात 'र' जास्त ऐकू आला. माईक नाही, फॉर्म नाही. कोपऱ्यात जाऊन टिपून घ्यायचं, बस.

एक मात्र खटकतं. 'काय' हा दिवसातून शंभरदा तोंडात येणारा शब्द आहे. इतका सवयीचा शब्द सहसा असा हलत नाही. गाईचं पटलं मला, 'काय'चं नाही पटलं. आजीला नीट विचारून बघा.

---

धुऱ्यावरचा :

आजीला विचारायचं धाडस होत नाही. पेपरमध्ये आपलं नाव आलं म्हणून पेढे वाटायला निघाली होती. नाव नाही, 'माहितीदाता क्र. ७' असं आहे, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

---

पानठेलेवाला :

मॅडमच्या त्या लबाव साहेबाचा प्रयोग मी काल केला. खरंच केला, तालुक्याले गेल्तो म्हनून.

हातगाडीवर इचारलं, 'ती चप्पल कोनत्या रंगाची हाय?' म्हने 'कायी'. मंग बाजारातल्या जुन्या दुकानात. मालक म्हने 'काळी', पन पोरगा आतून वरडला 'बाबा, कायी संपली!' मंग त्या काचेच्या मोठ्या दुकानात गेलो. तठी पोरगी म्हने, 'ब्लॅकमध्ये दाखवू का सर?'

ळ बी नाई, य बी नाई. आता लिहा म्हना पेपर.

---

स्वनिम_आणि_शेव :

पानठेलेवाला, विम्याची नोकरी मला नको होती. तुमची जागा घेते.

---

सदाशिवपेठी :

इतकी चर्चा करण्यापेक्षा 'ळ' नीट म्हणायला शिकणं सोपं नाही का? भाषा शुद्ध असली की असे गोंधळच होत नाहीत. राग मानू नये.

---

रुक्मिणीचं_माहेर :

राग नाही मानत. फक्त एक सांगते. लीळाचरित्र, ज्याला मराठीतला आद्य गद्यग्रंथ मानतात, ते तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लिहिलं ते रिद्धपूरला. रिद्धपूर अमरावती जिल्ह्यात आहे, सदाशिव पेठेत नाही. मराठी भाषा विद्यापीठसुद्धा तिथंच झालं. आता तुमच्यातल्या कोणी तिथं शुद्धलेखन तपासायला जायचं असेल तर एसटी परतवाड्यावरून मिळते.

---

सदाशिवपेठी :

लीळाचरित्रात 'ळ' आहे. नावातच आहे.

---

रुक्मिणीचं_माहेर :

...

बरं, हा तुमचा. एक-शून्य.

---

उपसरपंच_माजी :

'ळ' अन 'य' चा विषय निघाला म्हणून हे सांगावंच लागते. सरकारची ती योजना आठवते का, 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार'? आमच्या पाझर तलावासाठी अर्ज केला होता. पाहणीला एक साहेब आले, कोल्हापूर-सांगलीकडचे, नवीनच बदलून आलेले. आमचे एक काका हात जोडून पुढं झाले. "साहेब, तीन वर्सापासून तलावात गाय पडेल हाय. कोनी काढत नाई."

साहेबांचा चेहरा पडला. म्हणाले, "तीन वर्षं? अहो, मग वास नाही येत?"

काका म्हणे, "वास येते ना. उन्हाळ्यात तं लयच येते. पन चांगला गाय हाय साहेब, वावरात टाकला तं सोनं पिकते."

साहेबांनी वहीत काय लिहिलं माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी जेसीबीच्या आधी पशुवैद्यकीय दवाखान्याची गाडी आली. डॉक्टर आमच्याच तालुक्यातले होते. ते उतरले, तलाव पाहिला, चहा पिऊन गेले. कागदोपत्री 'जनावर आढळले नाही' असा शेरा आहे. तो कागद मी जपून ठेवला आहे.

---

स्वनिम_आणि_शेव :

उपसरपंच, या एका किस्स्यात अख्खी परीक्षा आहे. काकांचं वाक्य बघा, 'चांगला गाय', 'टाकला तं'. गाळ पुल्लिंगी, गाय स्त्रीलिंगी. उच्चार एक झाला तरी क्रियापद आणि विशेषण सांगतातच की बोलणं कशाबद्दल आहे. आपल्याकडं 'गाय काढला' आणि 'गाय काढली' यात कोणाची गल्लत होत नाही. 'ळ'चं काम लिंगानं उचललं. साहेबांनी नुसतं नाम ऐकलं, 'चांगला' ऐकलाच नाही.

---

सदाशिवपेठी :

हे मात्र मानलं. माळ आणि माय तर दोन्ही स्त्रीलिंगी. तिथं काय करता?

---

पानठेलेवाला :

तिथं पाहून बोलतो भाऊ. गयात घातली तं माय, सयपाकघरातून लाटनं घेऊन आली तं बी माय. फरक समजते.

---

झाडीचा_रानू :

सगळा विदर्भ म्हणजे वऱ्हाड असं समजून चर्चा चालली आहे, याचा निषेध. आम्ही पूर्व विदर्भातल्या साकोलीकडचे. आमची झाडीबोली. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी तिच्यावर आयुष्य घातलं. आमच्याकडं 'ळ'चा 'य' नाही, 'र' होतो. डोळा तो डोरा. तुमच्या आजीचं जे झालं ते आमच्या आजीचं झालं असतं तर पेपर वेगळा निघाला असता. 'र'चा 'ळ' करून ती म्हणाली असती, 'घळी या, चहा कळते.'

---

संत्रामोसंबी :

आणि प्राध्यापकांनी सिद्ध केलं असतं की झाडीपट्टीत चहा केला जात नाही, कळतो. ज्ञानाधिष्ठित चहा.

---

मेळघाटातून :

तुमचं ळ-य-र चालू द्या, पण आमच्या जिल्ह्यांत भाषाशास्त्रवाले कशासाठी येतात ते खरं कारण वेगळं आहे. मेळघाटात कोरकू आहे, ती मुंडा कुळातली, म्हणजे तिचे नातेवाईक झारखंडकडे. यवतमाळकडे कोलामी, पूर्वेला गोंडी, दोन्ही द्रविड कुळातल्या. वऱ्हाडी आर्यकुळातली. आणि बुलढाणा जिल्ह्यात जळगाव-जामोदच्या आसपास निहाली, जिचं कोणत्याच कुळाशी नातं सिद्ध झालेलं नाही. बोलणारे जेमतेम २००० ते २५००. कायपर नावाच्या डच पंडितानं १९६२ मध्ये तिच्यावर अभ्यास छापला. कोरकूचे खूप शब्द तिच्यात शिरले आहेत, पण ते बाजूला काढले तरी खाली काहीतरी उरतं, ते कोणाचंच नाही.

एका दिवसाच्या एसटी प्रवासात इतकी कुळं पायाखाली येतात अशी जागा शोधून दाखवा. आणि आपण भांडतोय चपलेच्या रंगावर.

मी शिक्षक आहे. माझ्या वर्गात कोरकू घरातली पोरं पुस्तकातली मराठी वाचतात तेव्हा त्यांना वऱ्हाडी पोरं हसतात. वऱ्हाडी पोरांना तालुक्याची हसतात. तालुक्याच्यांना कोण हसतं ते या धाग्यावर आलंच आहे.

---

सदाशिवपेठी :

मी हसलो नव्हतो. पण घेतलं.

---

कोथिंबीर_की_सांबार :

माझ्याकडेही असाच सर्व्हे झाला होता, चित्रं दाखवून. कोथिंबिरीची जुडी दाखवली, माझ्या आईनं सांगितलं 'सांबार'. टोमॅटोला 'भेदरं'. बटाट्याला 'आलू'. मुलगी हुशार होती, पण सांबारवर अडली. तिनं तीनदा विचारलं, 'म्हणजे इडलीबरोबरचं?' आईनं तिसऱ्यांदा वैतागून सांगितलं, 'इडलीवर टाकाचं असन तं टाक वं माय, कोन नाई म्हनते?'

फॉर्मवर शेवटी काय लिहिलं ते मी वाकून पाहिलं. 'दाक्षिणात्य प्रभाव. पडताळणे.'

---

निवृत्त_मास्तर :

सांबार हा शब्द...

---

संत्रामोसंबी :

नाही सर.

---

उपसरपंच_माजी :

त्या शब्दांच्या याद्या म्हणजे एक प्रकरणच असते. आमच्या इथं आलेल्या पोरानं २०७ शब्दांची यादी आणली होती. म्हणे जगात सगळीकडं हीच विचारतात. त्यात बर्फ, समुद्र आणि ऊ. बर्फाला आमच्या म्हातारीनं सांगितलं 'गोया', कारण तिनं बर्फ जत्रेतल्या बर्फगोळ्यातच पाहिला. समुद्र पाहिलाच नाही, तिनं उर्ध्व वर्ध्याचं धरण सांगितलं. अन 'ऊ'ला काय म्हणता विचारलं तशी ती उठून उभी राहिली. "माह्या डोक्यात पायली का तुले?"

---

स्वनिम_आणि_शेव :

ती अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ मॉरिस स्वादेशची यादी. कोणत्याही भाषेत असायलाच हवेत असे मूळ शब्द त्यानं निवडले. बिचाऱ्यानं विदर्भातला उन्हाळा पाहिला नव्हता.

याहून जुनी पद्धत ब्रिटिश काळातल्या भाषा-सर्वेक्षक ग्रियर्सनची. भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा सातवा खंड मराठीचा, १९०५ चा, त्यात वऱ्हाडी आणि नागपुरी दोन्ही आहेत. प्रत्येक बोलीत त्यानं एकच गोष्ट उतरवून मागवली, बायबलमधली, बापाकडून वाटणी घेऊन पैसा उडवणाऱ्या धाकट्या मुलाची. नमुने गोळा केले सरकारी अधिकाऱ्यांमार्फत.

---

पानठेलेवाला :

वाटनीची गोष्ट? सरकारी मानसासमोर? वऱ्हाडात? अन कोनी इचारलं नाई, सातबारा कोनाच्या नावावर हाय?

---

उपसरपंच_माजी :

शेवटी त्या उडाणटप्पूसाठी बाप जेवण घालते ना? मोठ्या भावाचं काय झालं पुढं? तो वावरात राबतच होता. त्याची बाजू कोणी लिहून घेतली का?

---

स्वनिम_आणि_शेव :

मोठा भाऊ गोष्टीतही हेच म्हणतो. तुम्ही ग्रियर्सनला हवे होतात.

---

संपादक :

धागा मूळ प्रश्नापासून फार लांब गेला आहे. धागाकर्ते, पुढे काय झालं?

---

धुऱ्यावरचा :

सांगतो. काल रात्री आजीला विचारलं. जेवण झालं होतं, ती बाजेवर पडली होती, लाइट गेलेली. तोंड दिसत नव्हतं म्हणून धीर आला.

म्हटलं, आजी, तू त्या सरांशी 'काळ, काळ' काऊन बोलत होती?

बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं झोपली. मग बाज हलायला लागली. हसत होती.

"पयल्यांदा गाळ म्हनली ते चुकून गेलं रे. तुही माय मले सारखी टोकते, म्हनून ळ लावला. पन मी गाळ म्हनलं तसा तो मास्तर असा खुश झाला, असा खुश झाला, की त्यानं मान वर न करता अर्धं पान लिवलं. मंग मी पाय म्हनलं, त्यानं काईच लिवलं नाई. पाळ म्हनलं, लगेच लिवलं. मंग म्हनलं, लेकरू इतक्या लांबून आलं, एसटीत उभं राहून. त्याची वही रिकामी काऊन पाठवू?"

तर मॅडम, तुमचा संशय बरोबर होता. गाय खरी होती, काळ बनवलेला होता.

---

स्वनिम_आणि_शेव :

मी खुर्चीतून उठून उभी राहिले आहे. आजींना दंडवत. प्राध्यापक आजींचा अभ्यास करत होते आणि आजी प्राध्यापकांचा. त्यांची पद्धत जास्त काटेकोर होती. एकदा 'पाय', एकदा 'पाळ', आणि पेन कधी हलतं ते बघायचं.

---

निवृत्त_मास्तर :

म्हणजे आता प्राध्यापकांना कळवायलाच हवे. शास्त्राचा प्रश्न आहे.

---

धुऱ्यावरचा :

तेच करायला आज सकाळी फोन हातात घेतला होता सर. पण एक नवीन भानगड झाली आहे.

आजीची ही गोष्ट माझ्या पुतण्यानं रात्रीच ऐकली होती. सकाळी त्यानं ती बसस्टॉपवर सांगितली. दुपारी मी ठेल्यावर गेलो तर चार पोट्टे उभे. मला बघून एकजण म्हणे, "काळ भाऊ, काळ चाललं?" दुसरा म्हणे, "काळ नाई, बसलो." हसत नव्हते, हेच सांगायचं आहे. सकाळी हसत होते म्हणे. दुपारपर्यंत सवय झाली होती. संध्याकाळी शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं, "आज भाजी काळ केली?" त्यांना पेपरचं काहीच माहीत नाही, त्यांनी फक्त पोरांचं ऐकलं.

आता मी प्राध्यापकांना नेमकं काय कळवू? की तुमचा पेपर चूक आहे? तो परवापर्यंत चूक होता.

---

स्वनिम_आणि_शेव :

थांबा थांबा. किती जण? वय काय? बायका किती, पुरुष किती? काकूंनी 'काय'ऐवजी म्हटलं की 'काय'च्या जोडीनं? फक्त प्रश्नात की 'काळ सांगू तुले' असंही? काही पुसू नका, कोणाला टोकू नका. शनिवार-रविवार सुट्टी आहे, मी येऊ का?

---

धुऱ्यावरचा :

आजीला विचारलं. म्हणते, ये म्हना, जेवूनच जाय म्हना, वांग्याची भाजी अन रोडगे करतो. पन ते मुंगूस घरीच ठेवून ये म्हना.